मधमाशीची मजुरी

दिवाळीच्या फराळाच्या ताटात मधाला जागा नाही. लाडू साखरेचा, अनारसा गुळाचा, करंजीतले सारण पिठीसाखरेचे. मध सापडावयाचा तो दोनच ठिकाणी: देवघरात आणि औषधाच्या फडताळात. पूजेच्या पंचामृतात तो चमचाभर पडतो, लग्नात नवरदेवाच्या मधुपर्कात असतो आणि खोकल्याच्या दिवसांत सितोपलादीबरोबर चाटणात येतो. जन्मलेल्या मुलाच्या जिभेला मधाचे बोट लावण्याचीही आपल्याकडे जुनी चाल आहे. आता डॉक्टर सांगतात की वर्षाच्या आतल्या मुलाला मध देऊ नये, आणि ते ऐकलेले बरे. एकूण काय, मध ही आपल्या घरातली थोडी, महाग आणि पवित्र वस्तू. अशा वस्तूची चौकशी माणूस पुष्कळ करतो, पण ती एकाच अंगाने करतो.

सुश्रुतसंहितेत मधाच्या आठ जाती सांगितल्या आहेत. माक्षिक, भ्रामर, क्षौद्र, पौत्तिक इत्यादी. कोणता मध जड, कोणता हलका, कोणता कोणत्या दोषावर चालतो याचा बारकाईने विचार झालेला आहे. आमच्या कवींनीही भ्रमराला कमळाभोवती शतकानुशतके फिरवले. कधी तो रसिक, कधी चंचल प्रियकर, कधी नुसता चोर. परंतु वैद्य आणि कवी या दोघांनाही एक साधा प्रश्न पडल्याचे दिसत नाही. ही माशी फुलाकडून मध नेते हे खरे, पण जाताना फुलाला ती काय देऊन जाते?

रानावनात हिंडणाऱ्या माणसाला माशांची ओळख वैद्यांपेक्षा अधिक होती. पचमढीच्या डोंगरातल्या शिलाश्रयांत मोहोळ काढणाऱ्या माणसांची प्राचीन चित्रे आहेत, म्हणजे हा धंदा किती जुना ते समजावे. सह्याद्रीतल्या माणसाकडे प्रत्येक माशीला नाव आहे. उंच कड्याला, वडा-पिंपळाला किंवा पाण्याच्या टाकीखाली एकच मोठे पोळे लटकवते ती आग्या. ती उठली म्हणजे देवळातली यात्राही पळते. झुडपाच्या फांदीला हाताच्या पंजाएवढे पोळे करते ती लहानगी फुलोरी. आणि झाडाच्या ढोलीत, दगडाच्या कपारीत, अंधारात एकाशेजारी एक अशी पोळी बांधते ती सातेरी. सात पोळी बांधणारी म्हणून सातेरी, असे लोक सांगतात. माणसाच्या पेटीत राहावयास तयार झाली ती ही सातेरीच. आग्या आणि फुलोरी यांना उजेड हवा, एकच पोळे हवे. त्या पेटीत नांदत नाहीत.

मोहोळ काढण्याची जुनी रीत मात्र राकट. अंधारी रात्र पाहावयाची, पेटता पलिता किंवा ओल्या पाल्याचा धूर द्यावयाचा, माशा जाळून-उडवून लावावयाच्या, सगळे पोळे कापून खाली आणावयाचे आणि फडक्यात घालून पिळावयाचे. त्या पिळण्यात मधाबरोबर अंडी, अळ्या, पराग सगळेच येई. तो गढूळ मध लवकर आंबे, आणि मोहोळाचा तर निर्वंशच होई. तरीही या रीतीला दोष देण्याची घाई करू नये. ज्याला वर्षातून दोन मोहोळे मिळत, त्याच्या दृष्टीने ते जंगलातले फळच होते.

शेतकऱ्याला मधमाशीचे महत्त्व कळले नाही असे आपण सर्रास म्हणतो. मला ते अन्यायाचे वाटते. आपल्या शेतकऱ्याचे मुख्य पीक काय होते? देशावर ज्वारी-बाजरी, कोकणात नि मावळात भात, कुठे गहू. या सगळ्या गवताच्या जाती. त्यांच्या दाण्याला माशीची गरज नाही. कुठे वारा ते काम करतो, कुठे फूल आपले आपणच उरकून घेते. पोटाचे पीक ज्याचे असे वाऱ्यावर अवलंबून आहे, त्याने माशीकडे कशाला पाहावे? तीळ, कारळे, तूर, परसातले वेल यांना माशी लागे हे खरे, पण ती बांधावरून आपोआप येई. बांधाला बाभूळ, बोर, करंज, निंब, घाणेरीची जाळी, ओढ्याकाठी जांभूळ. माशी फुकट होती, आणि फुकट मिळणाऱ्या मजुराची कोणी हजेरी मांडत नाही.

फक्त एका ठिकाणी ही गोष्ट घरातल्या बायकांच्या लक्षात येई. मांडवावरचा भोपळा फुलांनी भरतो आणि फळ धरत नाही. मागे इवलासा भोपळा असलेले फूल उमलते, दोन दिवसांत ते बाळफळ पिवळे पडते आणि गळते. कोणी दृष्ट लागली म्हणे, कोणी वांझ वेल म्हणे. खरी गोष्ट अशी की भोपळा, दुधी, कारले, काकडी, कलिंगड या साऱ्या कुळात नर फूल वेगळे आणि मादी फूल वेगळे. नर फुलातला पिवळा पराग मादी फुलाच्या मध्यावर पोहोचला नाही तर फळ नाही. तो चिकट पराग वाऱ्याने उडत नाही. तो माशीच्या अंगावरच्या केसांना चिकटून जातो. पहाटे एक नर फूल खुडून मादी फुलावर टेकवणारी आजी पुष्कळ घरांत होती. तिने केले ते परागीभवन. ते शब्दाने तिला ठाऊक नव्हते इतकेच.

युरोपातही ही गोष्ट उमगावयास अठरावे शतक संपत आले. बर्लिनजवळच्या श्पांडाऊ गावी ख्रिस्तियान कोनराड श्प्रेंगेल नावाचे एक शाळामास्तर होते. फुले आणि कीटक पाहण्याच्या नादात त्यांनी १७९३ साली एक जाडजूड पुस्तक छापले. फुलाचा रंग, पाकळीवरच्या रेषा, तळाशी साठवलेला मधुरस ही सगळी कीटकाला बोलावण्याची व्यवस्था आहे असे त्यात त्यांनी दाखवून दिले. पुस्तक फारसे खपले नाही आणि पुढच्याच वर्षी मास्तरांना शाळेतून निवृत्त व्हावे लागले. १८११ साली त्यांनी आणखी एक छोटी पुस्तिका काढली. मधमाशी मधासाठी किंवा मेणासाठी पाळावयाची नसून पिकासाठी पाळावयाची आहे, राज्याने जशी खडी फौज ठेवावी तशी माशांची ठेवावी, असा तिचा आशय. ही पुस्तिका तर कोणी वाचलीच नाही म्हणा ना! पुढे १८४१ मध्ये चार्ल्स डार्विनच्या हाती श्प्रेंगेलचे मोठे पुस्तक पडले, त्याने त्याची योग्यता ओळखली, आणि परपरागाने झालेली रोपे अधिक जोमदार असतात हे स्वतः प्रयोग करून १८७६ साली मांडले. तोवर मास्तर कधीच निवर्तले होते.

दुसरा शोध अमेरिकेतला, आणि तो अगदी सुतारकामाचा. १८५१ साली फिलाडेल्फियात लँगस्ट्रॉथ नावाच्या पाद्र्याच्या ध्यानात आले की पोळ्यापोळ्यांमध्ये साधारण पाव ते तीन अष्टमांश इंच जागा राखली तर माशी ती येण्याजाण्यासाठी मोकळी ठेवते. कमी असेल तर चिकाने बुजवते, जास्त असेल तर तिथे नवे पोळे बांधते. एवढ्या एका मापावर सुट्या चौकटींची पेटी उभी राहिली. पोळे न मोडता चौकट उचलून पाहता येऊ लागली. मग १८५७ मध्ये मेणपत्रा आला आणि १८६५ मध्ये चौकट गरगर फिरवून मध बाहेर फेकणारे मधयंत्र आले. अळी मरत नाही, पोळे शाबूत राहते, रिकामी चौकट पुन्हा पेटीत ठेवली की माशा पुन्हा ती भरू लागतात.

आपल्या देशात यांतला दुसरा शोध आधी आला, पहिला पुष्कळ मागाहून. त्यामुळेच पुढची सारी गोष्ट अशी वळणावळणाने घडली.

टपाल व तार खात्यातले जॉन डग्लस नावाचे एक साहेब होते. त्यांनी १८८२ च्या सुमारास बंगालमध्ये व पुढे पंजाबात पेट्यांचे प्रयोग केले आणि १८८४ साली हिंदुस्थानातील मधमाशीपालनावर एक माहितीपुस्तकही छापले. विलायती माशी आणि विलायती पेटी इथे आणण्याचा तो काळ. ते प्रयोग टिकले नाहीत. आपली सातेरी विलायती माशीहून अंगाने लहान, तिचा संसारही लहान. मोठ्या पेटीत ती दिवाणखान्यात संसार मांडलेल्या गरीब जोडप्यासारखी बावरते. हे ओळखून १९१० नंतर तिरुचिरापल्लीकडच्या रेव्हरंड न्यूटन यांनी सातेरीच्या बेताची छोटी पेटी तयार केली. तिच्या पिलाव्याच्या कोठीत चौकटी सात! आपल्या सातेरीच्या नावाशी हा हिशेब जुळतो तो योगायोग असेल, पण मोठा गमतीचा आहे. ही न्यूटन पेटी दक्षिणेत पसरली, आणि पुढे आपल्याकडे सातेरीसाठी ज्या पेट्या झाल्या त्या थोड्याफार फरकाने तिच्याच कुळातल्या.

१९२८ साली शेतीविषयक शाही कमिशनने आपल्या अहवालात मधमाशीपालनाची शिफारस केली ती ग्रामोद्योग म्हणून. १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला आणि मगनवाडीत घाणी, हातकागद, चामडे यांच्या जोडीला मधमाशीही आली. गांधीमार्गी माणसांना या पेटीचे मोठे आकर्षण वाटले यात नवल नाही. पिळून काढलेल्या मधात हिंसा होती. यंत्राने काढलेल्या मधात नव्हती. जमीन नसलेल्या माणसालाही करता येईल असा हा उद्योग, कारण माशी चरते ती दुसऱ्याच्या झाडावर आणि कोणाचे काही कमी करीत नाही. हा विचार उदात्त होता. पण त्यातही माशी मोजली गेली ती मधाच्या शेरावर.

महाराष्ट्रात या उद्योगाचे खरे बस्तान बसले ते महाबळेश्वरी. १९४६ साली मुंबई प्रांताच्या ग्रामोद्योग समितीने तिथे काम सुरू केले. जागा अचूक निवडली होती. जावळीच्या खोऱ्यात आणि कोयनेच्या उगमाकडच्या रानात जांभूळ, हिरडा, गेळा, पिसा अशी मधुरसाची झाडे दाट, सातेरीची नैसर्गिक मोहोळे भरपूर, आणि गावकरी मोहोळे काढण्यात तरबेज. ज्याला ढोलीतली माशी कशी धरावी हे ठाऊक आहे त्याला ती पेटीत कशी भरावी हे शिकवणे सोपे. पलिता टाकून त्याने धुराचे यंत्र हाती घेतले, एवढाच फरक. पुढे मधपाळांची सहकारी सोसायटी झाली, आणि थंड हवा खाण्यास आलेला पाहुणा परतताना चणे, जांभळाचा मध नि गुलकंद घेऊन घाट उतरू लागला. जांभळाचा मध किंचित कडसर. साखरेच्या पाकाची सवय झालेल्या जिभेला तो आधी खोटा वाटतो. कारवीचा मध याहून दुर्मिळ. एका डोंगरावरची कारवी आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि बी धरून मरते. मुंबईलगतच्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ आणि २०२४ साली फुलली.

१९५२ साली महाबळेश्वरीच मधमाशीच्या संशोधनाची प्रयोगशाळा निघाली, आणि तिथे डॉ. जी. बी. देवडीकर, सी. व्ही. ठाकर आणि त्यांचे सहकारी कामास लागले. देवडीकर मूळचे वनस्पतींच्या गुणसूत्रांचे अभ्यासक. ही गोष्ट महत्त्वाची आहे. केवळ कीटक पाहणाऱ्याला माशी दिसली असती; वनस्पती पाहणाऱ्याला माशीच्या पायावरचा पराग दिसला. कोणत्या मधात कोणत्या फुलाचे परागकण सापडतात, कोणत्या महिन्यात माशी कुठे चरते याची नोंद सुरू झाली. १९६२ साली खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने पुण्याला केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था स्थापन केली, आणि हे काम डोंगरावरून देशावर उतरले. माशीबरोबर प्रश्नही उतरला. डोंगरात विचारीत असत, पेटीमागे मध किती? पठारावर, शेतांच्या मधोमध बसल्यावर विचारावेच लागले, एकरामागे दाणे किती?

याचे उत्तर एका पाहुण्या पिकाने दिले. १९६९ साली खाद्यतेलाची टंचाई हटविण्यासाठी रशियातून सूर्यफुलाचे बियाणे भारतात आले, आणि पुढच्या काही वर्षांत मराठवाडा नि सोलापूरकडच्या काळ्या रानांत ही पिवळी तबके झळकू लागली. झाड उंच, फूल थाळीएवढे, शेतकरी खूश. मळणी झाली तेव्हा पुष्कळांच्या खळ्यावर निराळाच प्रकार. दाणा बाहेरून भरलेला, काळाभोर. फोडून पाहावा तर आत गर नाही. नुसती टरफले! बियाणे खोटे, खत कमी पडले, पाणी चुकले असे नाना तर्क झाले. कारण वेगळेच होते. सूर्यफुलाचे एक फूल म्हणजे हजार-दीड हजार बारीक फुलांची सभा, आणि त्या जुन्या वाणांतले बहुतेक झाड स्वतःचा पराग स्वतः स्वीकारीत नसे. शेजारच्या झाडाचा पराग यावा लागे. तो जड आणि चिकट, वाऱ्याने हलत नाही. शेकडो वर्षे ज्वारी पिकवणाऱ्या रानात प्रथमच असे मोठे पीक उभे राहिले की ज्याचा दाणा भरणे माशीच्या येण्यावर अवलंबून होते.

मग कृषी विद्यापीठांनी उपाय सांगितला. सकाळच्या प्रहरी हाताला तलम मलमलीचे फडके गुंडाळावे आणि एका फुलावरून दुसऱ्या फुलावर हलकेच हात फिरवीत जावे. एक दिवसाआड, फुलोरा संपेपर्यंत. सूर्यफूल एकदम उमलत नाही. बाहेरच्या कडेकडून आत एकेक वळे उमलत जाते, म्हणून पुन्हा पुन्हा हात फिरवावा लागतो. वाचकांपैकी काहींनी आपल्या आई-मावशीला हे काम करताना पाहिलेही असेल. एकरभर रान, डोक्याएवढी झाडे, खांद्यापर्यंत वर उचललेला हात, अंगावर पराग आणि वर आश्विनाचे ऊन. तेव्हा कुठे लोकांना हिशेब कळला. हेक्टरला पाच पेट्या ठेवल्या तर हेच काम उजाडल्यापासून मावळेपर्यंत फुकट होते, आणि वर मध मिळतो. माशीच्या कामाला मजुरीच्या रुपयांत मोल आले ते असे. माणसाने तिचे काम स्वतः करून पाहिल्यावर.

सूर्यफुलाचा तो बहर पुढे ओसरला. परदेशी तेल स्वस्तात येऊ लागले, सोयाबीनने मराठवाड्याची राने व्यापली, राघूंचे थवे कणसांवर पडत ते निराळेच. तरी त्या पिकाने शिकवलेला धडा दुसऱ्या पिकांना लागू पडला. कांद्याचे बियाणे पाहा. कांद्याच्या गोंड्यातले प्रत्येक चिमुकले फूल आधी पराग झाडते, आणि त्याचा स्त्रीभाग तयार होतो तो तीन-चार दिवसांनी, पराग संपल्यावर. म्हणजे स्वतःचा पराग स्वतःच्या उपयोगी पडत नाही. शेजारच्या फुलाचा कोणी आणून द्यावा लागतो. त्यात कांद्याच्या मधुरसात पोटॅशियम अधिक, म्हणून माशीला तो विशेष आवडत नाही. शेजारी दुसरे काही गोड फुलले की ती तिकडे जाते. ॲरिस्टॉटलने पूर्वीच पाहून ठेवले होते की एका खेपेत माशी एकाच जातीच्या फुलांवर फिरते. तेव्हा कांद्याच्या शेतात पेट्या फार आधी ठेवल्या तर माशा दुसऱ्याच रानाची वाट शिकून बसतात. जाणता बागाईतदार थोडी फुले उमलल्यावरच पेट्या आत आणतो, म्हणजे उठताक्षणी समोर कांदाच दिसावा!

आता डाळिंबवाले, कलिंगडवाले, बियाण्याचे प्लॉट करणारे मधपाळाकडून पेट्या भाड्याने आणतात. या एका वाक्यात केवढे स्थित्यंतर आहे! पूर्वी मधपाळ पेट्या घेऊन आला की शेतकरी त्याला बांधावरून हाकलून देई. माशा फुलातले सत्त्व शोषून नेतील, पीक उतरेल, असा समज. कोणी उदार झालाच तर म्हणे, ठेव पेट्या, पण मला बाटलीभर मध दे. म्हणजे मजुरानेच मालकाला भाडे द्यावयाचे. आज काही पिकांत तरी पैसे उलट्या दिशेने फिरू लागले आहेत, आणि माझ्या मते मधमाशीच्या इतिहासातली आपल्याकडची सर्वांत मोठी घटना हीच.

भाड्याच्या या पेट्यांतली माशी मात्र बहुतेक वेळा सातेरी नसते. ती इटालियन असते. १९६२ ते १९६४ या काळात पंजाब कृषी विद्यापीठाच्या अ. सिं. अटवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यातल्या नगरोटा बगवाँ येथे ही माशी भारतात प्रथम यशस्वीपणे रुजवली. डग्लसच्या काळापासून जे साधले नव्हते ते साधले. ती पेटीत टिकून राहते, सातेरीच्या कित्येक पट मध देते, ट्रकने हलविणे सोसते. सातेरी मानी, मनाविरुद्ध काही झाले की पेटी सोडून रानात निघून जाते. त्यात सातेरीवर संकट कोसळले. थायलंडमध्ये १९७६ साली आढळलेला अळ्यांचा एक विषाणूजन्य रोग १९७८ मध्ये ईशान्य भारतात दिसला, आणि १९९१-९२ मध्ये त्याने दक्षिणेत थैमान घातले. अळी पाण्याने भरलेल्या थैलीसारखी होऊन मरते, आणि पेट्यांमागून पेट्या ओस पडतात. केरळ-कर्नाटकातले पिढीजात मधपाळ त्यात अक्षरशः धुपून निघाले. तरी सह्याद्रीच्या रानासाठी सातेरीला पर्याय नाही असे मला वाटते. पावसाळ्यातले चार महिने, गांधीलमाश्यांचे हल्ले, उपासाचे दिवस हे सगळे ती शेकडो पिढ्या सोसत आली आहे. पाहुणीला ते झेपत नाही. पठारावर इटालियन, डोंगरात सातेरी, आणि कड्यावर आग्या. आग्याला विसरू नये. पेटीत न येणारी ही रागीट माशी मैलोगणती हिंडते आणि आपल्या शेतीचे पुष्कळ काम कोणाच्या वहीत नोंद न होता करते. अलीकडे तिचे सगळे पोळे न कापता फक्त मधाचा भाग काढून घ्यावा, पिलावा तसाच ठेवावा, हे वर्ध्यापासून मेळघाटापर्यंत मध गोळा करणाऱ्यांना शिकविले जाते. तसे केले की त्याच पोळ्यात ती पुन्हा मध भरते.

ज्या वर्षांत माशीची गरज असणारी पिके वाढली, नेमकी त्याच वर्षांत माशी कमी होत गेली. बांध नांगरले गेले, ओढ्याकाठची जांभळे तुटली, तण म्हणून रानफुले तणनाशकाने जाळली. आणि फवारणी आली. विष माशीवर पडले तर ती शेतातच मरते, हे दिसते तरी. काही विषे अशी की माशी मरत नाही, पण परतीची वाट विसरते. पेटीत माशा रोज थोड्या थोड्या कमी होतात आणि मधपाळाला दाराशी एकही मेलेली माशी सापडत नाही. युरोपीय संघाने २०१८ साली या जातीच्या तीन कीटकनाशकांच्या उघड्या शेतातल्या वापरास बंदी केली. आपल्याकडे २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना शेतकरी आणि शेतमजूरच दगावले, तिथे माशीचा हिशेब कोण ठेवणार?

वास्तविक दोघांचाही हिशेब एकच आहे. जी खबरदारी माणसाला वाचवते तीच थोड्याफार फरकाने माशीला वाचवते. पीक फुलात असताना फवारू नये. फवारणे भागच असेल तर दिवस मावळल्यावर, माशा घरी परतल्यावर फवारावे, आणि मधपाळाला आदल्या दिवशी सांगावे म्हणजे तो पेट्यांची दारे बंद करील किंवा पेट्या हलवील. भुकटीपेक्षा पातळ औषध बरे, कारण भुकटी परागासारखी अंगाला चिकटून थेट पिलाव्यापर्यंत पोहोचते. पेट्यांची दारे पूर्वेकडे असावीत, म्हणजे सकाळचे ऊन पडताच माशा कामाला लागतात. दुपारी सावली असावी, आणि जवळ उथळ पाण्याचे भांडे, आत चार खडे टाकून, कारण माशीला पोहता येत नाही. बांधाची एखादी पट्टी तीळ, बडीशेप, तुळस, ओवा यांना सोडावी. मुख्य पिकाचा फुलोरा संपला की माशी उपाशी पडते, आणि उपाशी माशी पुढच्या हंगामापर्यंत थांबत नाही.

महाबळेश्वरच्या डोंगरावर हे सगळे प्रश्न आज एकाच जागी पाहावयास मिळतात. मधाच्या या जुन्या माहेरी आता स्ट्रॉबेरीचे राज्य आहे. देशातल्या स्ट्रॉबेरीचा फार मोठा वाटा महाबळेश्वर-पाचगणीच्या पट्ट्यातून येतो. स्ट्रॉबेरीच्या अंगावर दिसणारा प्रत्येक बारीक दाणा हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एक स्वतंत्र फळ. जेवढ्या दाण्यांना पराग मिळतो तेवढाच त्याभोवतीचा गर फुगतो. उरलेला भाग खुरटतो. माशी नीट फिरली नाही की स्ट्रॉबेरी वाकडी, बोचकी होते आणि खोक्यात न जाता मुरंब्याच्या टोपलीत जाते. भावात फरक पडतो तो तिथे. त्याच डोंगरावरचे मांघर हे गाव २०२२ च्या मे महिन्यात देशातले पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. गावातली बहुतेक घरे सातेरीच्या पेट्या ठेवतात.

त्या पेट्यांतली माशी साधारण किलोमीटरभराच्या टापूत हिंडते. त्या टापूत वरच्या अंगाला राखलेले रान आहे आणि खालच्या अंगाला प्लास्टिक अंथरलेले स्ट्रॉबेरीचे वाफे. डिसेंबरात रानात फूल कमी आणि वाफ्यांत पुष्कळ, म्हणून माशी खाली उतरते; उन्हाळ्यात जांभूळ फुलले की पुन्हा वर जाते. वाफ्यातला माणूस संध्याकाळी पंप खांद्याला लावतो की सकाळी, एवढ्यावर त्या पेटीतला जांभळाचा मध ठरतो.